तीन दरपत्रकं

फॉन्ट बदलायची कल्पना माझी होती.

२०२३ चा उन्हाळा. आमच्या कंपनीला एका महानगरपालिकेचं काम मिळणार होतं. काम छोटं, रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली. म्हणजे तीन दरपत्रकं मागवायची आणि सगळ्यांत कमी दर देणाऱ्याला कार्यादेश. आमचं दरपत्रक तयार होतं. उरलेली दोन लेटरहेडं सरांनी आणली, एक त्यांच्या मेहुण्याच्या फर्मचं आणि एक नाशिकच्या मित्राचं. "जरा वेगवेगळी दिसू देत," एवढंच म्हणाले. मी एकाला मंगल ठेवला, दुसऱ्याला कोकिळा लावला. एकात 'विषय' डावीकडे घेतला, दुसऱ्यात मधोमध. एकात दर आमच्यापेक्षा थोडा जास्त टाकला, दुसऱ्यात बराच जास्त. अर्ध्या तासात स्पर्धा तयार झाली.

काम काय होतं, तर ती महापालिका आपली खरेदीची आणि निविदांची कार्यपद्धती नव्याने लिहीत होती. वेगवेगळ्या काळातली परिपत्रकं एकत्र करून एक पुस्तिका करायची आणि ती पुस्तिका संगणकावर चालेल अशी प्रणाली बांधायची. प्रणाली आम्ही बांधणार होतो. उद्देश कार्यादेशात पहिल्याच ओळीत लिहिला होता: खरेदीत निकोप स्पर्धा व्हावी.

हे वाचून मला हसू आलं होतं, हे कबूल करते. पण अपराधी वगैरे वाटलं नाही. त्याचं कारण आमच्या घरात आहे.

तालुक्याच्या गावी अण्णांचं शालेय साहित्याचं दुकान. वह्या, खडू, नकाशे, पुढे पुढे बाक आणि लोखंडी कपाटंही. गल्ल्याखालच्या कप्प्यात बिस्किटांच्या जुन्या डब्यात रबरी शिक्का, शाईचं पॅड आणि लेटरहेडचा गठ्ठा असायचा. कुठल्या शाळेला किंवा सरकारी कचेरीला काही घ्यायचं असलं की शेजारचे फर्निचरवाले काका दुकानात यायचे. "अण्णा, एक पान द्या." अण्णा पान फाडायचे, शिक्का मारायचे, सही करून द्यायचे. दर काका भरायचे. दोन महिन्यांनी अण्णांना पान लागायचं, ते काकांकडून यायचं. वाटीभर साखर द्यावी-घ्यावी, तसा हा व्यवहार. माझं अक्षर चांगलं म्हणून सातवीपासून अशी कोटेशनं मी लिहीत आले. 'आपला विश्वासू' हे शब्द मी मराठीच्या पुस्तकाआधी तिथे शिकले.

यात फसवणूक कुणाची होत होती, असं विचारलं तर अण्णांकडे साधं उत्तर होतं. "तीन दुकानं कुठायत आपल्याकडं? नियमाला तीन लागतात." नियम कुठल्यातरी मोठ्या शहरात बसून केलेला. तालुक्यात कपाटं विकणारे दोघंच. तिसरा कागदावरच जन्माला घालावा लागायचा.

एकदा मात्र अण्णांनी खरोखरचं टेंडर भरलं होतं. मी दहावीत होते. शाळांना बाक पुरवायचे होते, रक्कम आमच्या मानाने मोठी. पतसंस्थेचं कर्ज काढून बाक करून घेतले, वेळेत पोचवले, पोच घेतली. बिल एकोणीस महिन्यांनी निघालं. व्याज धरलं तर प्रत्येक बाकामागं पदरचे पैसे गेले होते. त्या एकोणीस महिन्यांत अण्णा दर पंधरा दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत जायचे आणि दुपारी परत यायचे. कुणी त्यांच्याकडे पैसे मागितले होते का, ते मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्यानंतर अण्णांनी टेंडर भरणं बंद केलं. पान देणं चालू ठेवलं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या महापालिकेच्या भांडार विभागात गेले असं मात्र नाही. गेले तेव्हा डोक्यात डेटाबेसची टेबलं होती.

भांडार विभागातले काका निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मला 'मॅडम' म्हणायचे, मी त्यांना काका. पहिल्या दिवशी त्यांनी परिपत्रकांची तीन गाठोडी टेबलावर ठेवली. काही टंकलिखित, काही चक्रमुद्रित, काहींची चौथी-पाचवी झेरॉक्स, ज्यात तारीख फक्त सावलीसारखी उरलेली. वार्षिक दरकराराच्या यादीत टंकलेखन यंत्राच्या फिती आणि स्टेन्सिल पेपर अजून होते. "हे कोण घेतं?" मी विचारलं. "कुणी घेत नाही. पण काढायचं कुणी?" यादीतून एक वस्तू वगळायला टिपणी लागते, टिपणीला मान्यता लागते, आणि टंकलेखनाच्या फितीसाठी एवढं कोण करणार?

नियम म्हणजे एक नियम नसतो, हे मला तिथे कळलं. सगळ्यांत खाली कायदा: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, मूळचा १९४९ चा. (मुंबईचा वेगळा, १८८८ चा.) त्याच्या अनुसूची 'ड' मध्ये कंत्राटांचे नियम. त्यावर राज्य सरकारचे शासन निर्णय. उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ ला काढलेली खरेदीची सुधारित नियमपुस्तिका भांडारातल्या प्रत्येकाच्या टेबलावर असते. तिच्यात तीन लाखांची रेघ होती: खाली दरपत्रकं, वर ई-निविदा. पुढे ही रेघ वर सरकली. आणि या सगळ्याच्या डोक्यावर महापालिकेची स्वतःची परिपत्रकं. महापालिका कायदा बदलू शकत नाही, शासन निर्णय बदलू शकत नाही. ती बदलू शकते ते एवढंच: वरचा थर.

आणि प्रत्येक थरात एक खिडकी. स्थायी समितीला कारणं नोंदवून निविदेशिवाय काम देता येतं. पुण्याच्या बातम्यांत ज्याला '५-२-२' म्हणतात ते हेच. अचानक संकट आलं तर आयुक्तांना तातडीने काम करून घेता येतं, ते '६७-३-क'. दोन्ही खिडक्या असायलाच हव्यात. पूर आलेला असताना एकवीस दिवसांची निविदा काढत बसणार का? पण काका ज्या सहजतेने "ते सदुसष्टमध्ये घेतलं होतं" म्हणायचे, त्यावरून या खिडकीची बिजागरी चांगलीच सैल झालेली होती. त्यात तेव्हा राज्यातल्या महापालिकांवर प्रशासक होते. प्रस्ताव आयुक्तांचा, मंजुरी स्थायी समितीची, आणि समितीचे अधिकार प्रशासकांकडे, म्हणजे पुन्हा आयुक्तांकडेच. प्रणालीत मी दोन वेगळे लॉगिन ठेवले होते. एकाच माणसाने एकातून बाहेर पडून दुसऱ्यात जायचं.

मला पहिला धक्का जुना डेटा भरताना बसला. दहा वर्षांतले कार्यादेश एक्सेलमध्ये टाकले आणि सवयीने आलेख काढला, रकमेनुसार किती कामं. मर्यादेच्या रेघेच्या अगदी अलीकडे एक डोंगर उभा राहिला. रेघेपलीकडे माळरान. जिथे मर्यादा बदलली त्या वर्षापासून डोंगरही उठून नव्या रेघेपाशी जाऊन बसला होता. एकाच प्रभागातलं एकच गटार तीन तुकड्यांत, तीन कार्यादेशांत, एकाच आठवड्यात. काम तोडू नये असं नियमात स्पष्ट आहे. तोडलं तर दिसावं कसं, हे नियमात नव्हतं.

मी तो आलेख आमच्या सरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आपण कुठे आहोत यात?" मी बोट ठेवलं. डोंगराच्या माथ्यावर.

ई-निविदा आल्यावर हे सगळं संपेल असं आम्हा संगणकवाल्यांना वाटायचं. निविदा पेटीत टाकताना दरवाजात माणसं उभी राहायची, लिफाफे पळवले जायचे, त्या गोष्टी काका रंगवून सांगायचे. ते खरंच संपलं, हे श्रेय द्यायलाच हवं. पण मुंबईत २०१४ मध्ये उघड झालं की विभाग कार्यालयांच्या छोट्या कामांच्या काही ई-निविदा अगदी थोडा वेळ, तेही रात्री-अपरात्री उघडल्या जात होत्या. ज्याला वेळ माहीत, तोच भरणार. म्हणजे दरवाजात उभं राहायलाही माणूस नको. पुण्यात २०१४ च्याच सुमाराच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये संगनमताचा निष्कर्ष काढून दंड केला. प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्या गेल्या होत्या, हा पुराव्यातला एक धागा. ते वाचताना मला कोकिळा फॉन्ट आठवला. त्यांनी आयपी बदलला नाही, मी फॉन्ट बदलला. फरक रकमेचा.

तर अशा गोष्टी समोर ठेवून पुस्तिकेचा मसुदा होत गेला. समितीत एक उपायुक्त, लेखा विभागातल्या मॅडम, लेखापरीक्षणातले एक साहेब, काका, आणि 'तांत्रिक साहाय्य' म्हणून मी. मला बोलायला सांगितलेलं नव्हतं, पण कुणी गप्पही बसवलं नाही. काही चांगलं झालं. एका विभागाने वर्षभरात एकाच वस्तूची केलेली खरेदी प्रणाली आपोआप एकत्र मोजेल आणि मर्यादा ओलांडली की पुढचा कार्यादेश अडेल. निविदा किती दिवस उघडी राहील ते कर्मचाऱ्याच्या हातात राहणार नाही. आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की पात्रतेच्या प्रत्येक जादा अटीपुढे 'ही अट का' हा रकाना भरल्याशिवाय निविदा पुढे जाणार नाही.

या अटींचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये पूर्वानुभव कसा मोजावा याची एक रीत सांगितली होती: अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन तत्सम कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. हेतू असा की अटी उगाच कडक करून लोकांना बाहेर ठेवू नये. पण 'तत्सम' या एका शब्दात सगळं मावतं. तत्सम म्हणजे सॉफ्टवेअर? की महापालिकेचं सॉफ्टवेअर? की महाराष्ट्रातल्याच महापालिकेचं, गेल्या तीनच वर्षांतलं, मालमत्ता कराचंच? तिसऱ्या प्रश्नापर्यंत येईतो राज्यात दोन कंपन्या उरतात, आणि लिफाफे उघडायचा दिवस म्हणजे नुसती पूजा. हे मला ठाऊक आहे, कारण अशी अट आधीच्या एका कामात मी स्वतः लिहून दिली होती, त्यांच्या ईमेलमधून त्यांच्या निविदेत जशीच्या तशी गेली. 'ही अट का' या रकान्यात मी काय लिहिलं असतं? बहुधा 'कामाचा दर्जा राखण्यासाठी'. लोक आता तेच लिहितात. पण निदान लिहितात, आणि खाली नाव येतं.

माझं भांडण झालं ते बिलाच्या तारखेवरून.

भांडण मोठा शब्द झाला. मी मसुद्यात एक कलम सुचवलं होतं: बिल कार्यालयात आलं त्या दिवशी तारीख प्रणालीत पडेल, बिलं आल्याच्या क्रमाने निघतील, क्रम मोडायचा तर कारण लिहायचं, आणि थकलेल्या बिलांची यादी संकेतस्थळावर दिसेल. मला वाटलं, यात वादाचं काय आहे? स्पर्धा हवी आहे ना? मग जुन्या डेटात प्रत्येक वर्गात तीच चार-पाच नावं का आहेत ते बघा. बाकीचे भरत नाहीत, कारण बाकीच्यांना थांबता येत नाही. ज्याच्याकडे दीड वर्ष थांबायची ऐपत आहे किंवा ज्याला थांबावं लागत नाही, तोच भरतो. आणि तो थांबण्याचं व्याज दरात धरतो. सर्वांत कमी दर म्हणजे थांबू शकणाऱ्यांतला सर्वांत कमी दर.

लेखा विभागातल्या मॅडम शांत बाई. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण पैसे कुठायत? जकात गेली, एलबीटी गेला. महिन्याचं जीएसटीचं अनुदान येतं ते पगार-पेन्शनलाच जातं. उरलेल्यात रोज ठरवावं लागतं, आज डिझेलवाल्याचं द्यायचं की औषधवाल्याचं. क्रमाने देत बसले तर कचऱ्याच्या गाड्या उभ्या राहतील." मला उत्तर सुचलं नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि हे फील्ड दिलंत तर उद्या माहिती अधिकारात मागतील."

मी सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा काढला. ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उपायुक्तांनी मान डोलावली, "असू दे, संदर्भात घालू." संदर्भात घातलं. कलम गेलं. पुस्तिकेत आता लिहिलंय की देयके 'शक्य तितक्या लवकर' अदा करावीत. यासाठी कोड लिहावा लागत नाही.

त्या रात्री मी अण्णांना फोन केला आणि तावातावाने हा ४५ दिवसांचा कायदा सांगितला. ते म्हणाले, "अगं, ज्याच्या दारात पुन्हा जायचंय त्याच्यावर व्याज लावतं का कुणी?" नंतर वाचताना कळलं की त्या कायद्यातलं हे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या दुकानदाराला नाही. म्हणजे अण्णांना ते लागूच नव्हतं. हे मात्र मी फोन करून सांगितलं नाही.

प्रणाली सुरू झाली. पहिल्या महिन्यात मर्यादेखालच्या एका खरेदीची तीन दरपत्रकं अपलोड झाली. काहीतरी तपासताना मी सहज त्या फायलींची माहिती उघडली. तिन्ही एकाच संगणकावर, नऊ मिनिटांत तयार झालेल्या. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आले. "अरे वा, हे दिसतं होय?" मग थोडं थांबून म्हणाले, "हे तुम्ही पकडायला लागलात तर लोक तीन संगणकांवर करतील. सायबर कॅफेवाल्याचा धंदा होईल." तरी मी ती तपासणी टाकली. नियमात नव्हती, कुणी मागितली नव्हती. आता दरपत्रकांशेजारी एक पिवळी खूण येते. त्या खुणेचं पुढे काय करायचं हे पुस्तिकेत नाही, त्यामुळे ती फक्त येते. आणि त्याच दिवशी घरी जाऊन मी आमच्या स्वतःच्या तीन फायली तपासल्या. एकच संगणक. माझं नाव.

आमचं बिल काम संपल्यावर लगेच दिलं होतं. आठ महिने झाले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचेही पैसे अडकलेले, कंपनीत अठरा माणसं, दोन महिन्यांचे पगार अर्धे. सर म्हणाले, "तुझी ओळख आहे तिथे. एकदा जाऊन ये." मी इस्त्रीचा कुर्ता घातला. घालताना लक्षात आलं नाही, बसमध्ये आलं.

काका तोवर लेखा विभागात बदलून आले होते. मला चहा सांगितला. मग कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं. प्रत्येक बिल, आल्याची तारीख, आवक क्रमांक, रक्कम, पुरवठादार. काळ्या शाईत, सुरेख अक्षर. मी प्रणालीत मागितलेलं फील्ड हेच. ते कायमच होतं, कपाटात. काकांनी पेनाचं टोपण ओळींवरून फिरवलं. आमच्या वर चाळीस बिलं होती.

"वर घेऊ का?" ते म्हणाले. आवाजात काही छद्मी नव्हतं. मुलीसारखी वागवायचे मला. "तुम्ही आपल्या घरच्याच. मॅडमना सांगतो, प्रणाली बंद पडेल म्हणावं."

मी हो म्हटलं.

अकरा दिवसांत पैसे जमा झाले, पगार झाले. रजिस्टरात आमच्या वर असलेल्यांपैकी एकच ओळ मी नीट वाचली होती. एका महिला बचत गटाचं फिनेल आणि खराट्यांचं बिल, आमच्यापेक्षा पाच महिने जुनं. रक्कम फार नव्हती.